नववीच्या मुलांना हुकूमशहा शिकवताना

मी डूख धरते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं, ही बाई झाल्या-गेल्या गोष्टी शांतपणे आठवते आहे. शांतपणे मी काहीच आठवत नाही. आमची आई म्हणायची, या पोरीला पाळण्यात कुणी चिमटा काढला असेल तर त्याचंही नाव ती सांगेल. तिची ही तक्रार होती. मला मात्र लहानपणापासून हे कौतुकच वाटत आलं आहे.

बहरीनमधल्या एका लहान भारतीय शाळेत मी सामाजिक शास्त्र शिकवते. ईसा टाउनच्या मोठ्या शाळेत ज्यांना जागा मिळत नाही त्यांची मुलं आमच्याकडे येतात, आणि हे आम्हा शिक्षकांना कुणी ना कुणी आठवड्यातून एकदा तरी ऐकवतंच. एकच इमारत, चाळीसेक शिक्षक, पुढे बस लावायला मोकळी जागा. नवरा सीफमधल्या मॉलमध्ये एसीच्या देखभालीचं काम बघतो. आम्ही राहतो माहूजला. कराडकडून इथे आलो त्याला आता बरीच वर्षं झाली.

नववीच्या इतिहासात हुकूमशहांचा धडा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येतो. सप्टेंबरात बाहेर अंग भाजतं, वर्गातला एसी घरघरत असतो आणि मी फळ्यावर लिहिते: युद्धातला पराभव, अपमानाचा तह, बेकारी, दुबळं सरकार, जोरदार प्रचार. पाच मुद्दे, पाच मार्क. त्याच्या खाली महायुद्धाची कारणं, तीही पाचच. कित्येक वर्षं मी हे असंच उरकलं. जर्मनीतली आणि इटलीतली शिकली-सवरलेली माणसं असं कसं होऊ देत होती, असं एखाद्या पोरीनं विचारलं की मी सांगायचे, परीक्षेत हे येत नाही. खरं तर मलाच ते ठाऊक नव्हतं. मग आमच्या शाळेत एक माणूस को-ऑर्डिनेटर झाला, आणि इतक्या वर्षांनी मला तो धडा कळला.

तो गणित शिकवायचा. सांगलीकडचा. स्टाफमध्ये बहुतेक सगळे केरळचे, थोडे मंगळूर आणि गोव्याचे, मराठी आम्ही तिघंच: मी, तो आणि लायब्ररी सांभाळणारी माझी मैत्रीण. मैत्रीण वसईची, ख्रिस्ती. आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायची. नवरा वारलेला, एक मुलगी. सकाळी सव्वासहाला ती मला खालून मिस्ड कॉल द्यायची आणि मी तिच्या गाडीत बसायचे. शाळेला पोचेपर्यंत आम्ही निम्म्या स्टाफची सालं काढलेली असायची. सासूबद्दल मी नवऱ्याला जे सांगितलं नाही ते मी तिला त्या गाडीत सांगितलेलं आहे. यावरून काय ते समजा.

त्या काळात शाळेत नुसता सावळागोंधळ होता. प्रिन्सिपलबाई निवृत्तीला टेकलेल्या. कुणीही केबिनमध्ये जाऊन काहीही मागावं, त्या 'येस डियर' म्हणायच्या. बस रोज उशिरा. गैरहजर शिक्षकाच्या तासाला कुणी जायचं यावरून सकाळीच तोंडं वाजायची. अशा एका सकाळी स्टाफरूममध्ये मी मोठ्यानं म्हणाले, "इथं कुणीतरी कडक माणूस पाहिजे. चार लोकांना दम देणारा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीच पुढे जाऊन प्रिन्सिपलबाईंना त्याचं नाव सुचवलं. गणिताचा आहे, शिस्तीचा आहे, असं मी त्यांना सांगितलं. मनात होतं ते वेगळंच. आपला माणूस आहे. इतकी वर्षं सगळ्या मोठ्या खुर्च्या दुसऱ्यांकडे, आता एक आपल्याकडे येऊ दे.

तो को-ऑर्डिनेटर झाला त्या आठवड्यात गुढीपाडवा होता. त्याच्या बायकोनं आमच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या. पोळ्या फार सुरेख होत्या.

बस चौथ्या दिवशी वेळेवर आल्या. हे मी नाकारणार नाही. तो फाटकात उभा राहायचा, टाळ्या वाजवून 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, ओरडायचा, ड्रायव्हर हसायचे आणि मुलं पळत सुटायची. आम्हाला वाटलं, जमलं बुवा. मग स्टाफरूममधल्या निम्म्या खुर्च्या गेल्या, कारण शिक्षक तिथे बसून गप्पा मारतात. कुणी काही बोललं नाही, कारण गप्पा आम्ही खरंच मारायचो. मग वर्गाच्या दारांना काच आली. मग एकदा त्यानं मला व्हरांड्यात थांबवलं आणि मराठीत हळूच म्हणाला, "ताई, आत काय चर्चा चालते ते माझ्या कानावर घालत जा. आपल्यातच राहील." इतक्या बायांत यानं मलाच विश्वासात घेतलं म्हणून मला चक्क मूठभर मांस चढलं. दोनदा मी त्याला सांगितलंही. एकदा फिजिक्सच्या सरांबद्दल आणि एकदा केजीच्या बाईबद्दल. दोन्ही गोष्टी किरकोळ होत्या. त्या दोघांना पुढे वर्षभर सगळ्यात वाईट वेळापत्रक मिळालं.

पुस्तकात लिहिलं आहे की हुकूमशहा सत्ता बळकावतात. बळकावायला कशाला लागते? आम्ही ती त्याला ताटात वाढून दिली, वर तूप सोडलं.

ऑक्टोबरात नववीचा गणिताचा पेपर परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांच्या फोनवर फिरला. पालक फाटकात आले. शाळा चालवणारी जी समिती आहे तिचे लोक दुपारी सूट घालून हजर झाले. पेपर गणिताचा, म्हणजे त्याच्याच विषयाचा, आणि शिस्त त्यानंच लावलेली. उत्तर त्यालाच द्यायचं होतं. त्यानं चार दिवस मागून घेतले.

इथे आमच्या शाळेची एक पद्धत सांगायला हवी. कुठलीही सूचना असली की ऑफिसात ती एका कागदावर छापतात, त्याखाली सगळ्या शिक्षकांच्या सह्यांसाठी जागा सोडतात, आणि शिपाई तो कागद निळ्या फायलीत घालून वर्गावर्गात फिरवतो. तास चालू असतानाच. पस्तीस-चाळीस मुलं समोर, एका हातात खडू, दारात शिपाई. बाई दोन पावलं येतात, सही करतात, परत फळ्याकडे जातात. वाचतं कोण? फायर ड्रिल असतं, नाहीतर फोटोचा दिवस. गेल्या कित्येक वर्षांत त्या फायलीतला एकही कागद धड वाचून सही करणारा माणूस मी पाहिलेला नाही. शिपाई जिन्यापासून सुरुवात करतो आणि जिन्याला लागून पहिला वर्ग माझा, नववी अ.

त्या चार दिवसांतच असा एक कागद आला, तेव्हा माझा तास चालू होता. कागदावर तीन सूचना होत्या. पहिली फायर ड्रिलची. तिसरी बुटांच्या रंगाची. मधली अशी: परीक्षेचे पेपर जिथे छापले जातात त्या खोलीची चावी फक्त लायब्रेरियनच्या ताब्यात असते, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. खाली सह्या.

छपाईचं मशीन लायब्ररीमागच्या खोलीत होतं हे खरं. पण त्या खोलीची दुसरी चावी स्टाफरूमच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असायची. सगळे घ्यायचे. मी घ्यायचे, मुलाचा प्रोजेक्टसुद्धा मी त्या मशीनवर छापून नेलेला आहे. सगळ्यात जास्त तोच घ्यायचा. शाळेतल्या प्रत्येकाला तो खिळा ठाऊक होता.

चाळीस सह्या झाल्या. एकही कमी नाही.

समितीनं माझ्या मैत्रिणीला बोलावून तो कागद समोर ठेवला. चाळीस माणसं काय खोटं बोलतात? पेपर तिनं फोडला असं कुणी म्हटलंच नाही, एवढी त्यांनी काळजी घेतली. फक्त म्हणाले, जबाबदारी तुमची होती, तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर बरं. नोकरी गेली म्हणजे इथे व्हिसा गेला, आणि आईचा गेला म्हणजे मुलीचाही गेला. मुलगी दहावीला होती. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. नाव आमच्या शाळेतून भरलेलं, ते अर्ध्या वर्षात वसईला नेता येईना.

ती एका दुपारी वर आमच्याकडे आली. चहा घेतला नाही. म्हणाली, "मुलीला मार्चपर्यंत ठेवून घेशील? व्हिजिट व्हिसा काढते. पेपर देईल आणि येईल. तुझ्या मुलाच्या खोलीत नको, हॉलमध्ये झोपेल."

मी म्हणाले, "घरी विचारते."

घरी विचारायचं कुणाला होतं? नवऱ्यानं हो म्हटलंच असतं. त्याला माणसं आवडतात. मी विचारलंच नाही, कारण मला दिसत होतं की तिची मुलगी माझ्या घरून, माझ्याबरोबर शाळेत येणार, फाटकात तो उभा असणार, आणि तो बघणार. ती पुन्हा विचारायला आली नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघी गेल्या. विमानतळावर मी गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. मुलीचं वर्ष वाया गेलं.

मैत्रीण गेली आणि त्याच्या मनातली भीती गेली. पेपर कुणी फोडला ते आजतागायत कळलेलं नाही, पण तेव्हापासून ते कुणी विचारलंही नाही. मात्र त्याला एक चटक लागली. काही बिघडलं की कुणीतरी लागायचं. बस पुन्हा उशिरा यायला लागल्या तर ड्रायव्हर संगनमत करतात. मुलांचे मार्क उतरले तर कॅन्टीनवाला तळलेलं खायला घालतो. दोन ड्रायव्हर गेले, कॅन्टीनवाला गेला. शाळेतली माणसं संपत आली तेव्हा त्याला बाहेरचा शत्रू सापडला. आंतरशालेय क्विझमध्ये आम्ही दुसऱ्या एका शाळेकडून हरलो. तो असेम्ब्लीत माइकवर म्हणाला की आपल्याला फसवण्यात आलं, आपला अपमान झाला आणि तो आपण विसरणार नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी होते, हातात नववीचंच पुस्तक होतं. अपमानाचा तह, मुद्दा दुसरा.

पुढचे तीन महिने त्या शाळेबद्दल काय-काय पसरवलं गेलं! पालकांच्या ग्रुपवर रोज नवीन काहीतरी. त्यांचे पंच मिंधे, त्यांची मुलं वयानं मोठी. त्यांच्याकडूनही तेवढंच परत आलं. क्रीडा स्पर्धेला दोन्हीकडची मुलं मैदानावर आली ती मारामारीच्या तयारीनंच, आणि रिले शर्यत संपायच्या आत भिडली. आमच्या एका मुलीचा हात मोडला. तिला त्या क्विझशी काही देणंघेणं नव्हतं, ती पाणी प्यायला नळावर गेली होती. त्या संध्याकाळी मला कळलं की महायुद्धाची ती पाच कारणं खरी असतील, पण त्यांच्या आधी एक कारण आहे आणि ते कुणी छापत नाही: घरातली घाण झाकायला एक शेजारी लागतो.

माझ्या मनात त्याचा सूड घ्यायचं कधी आलं ते नक्की सांगता येणार नाही. मैत्रीण गेल्यावर सकाळी मी टॅक्सीनं जायला लागले. रोज फाटकात तो 'गुड मॉर्निंग ताई' म्हणायचा आणि रोज मी 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचे. वर्षभर. एवढं गोड बोलून माणसाच्या पोटात जे साठतं ते मधुमेहापेक्षा वाईट. मी ठरवलं, याला मी याच शाळेत, याच इमारतीत, चार माणसांदेखत उघडा पाडणार. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कशाला गाडल्यालं मढं उकरून काढतीयास? आपलं पोरगं हितंच शिकतंय. तिला तरी इचारलंस का, तुला काय पायजे म्हणून?"

"तिला न्याय पाहिजे," मी म्हणाले.

"आसं ती म्हनली?"

मी त्याला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

कागद मला शिपायानं दिला. जुन्या फायली रद्दीत जातात, त्यातून त्यानं काढून ठेवला होता. माझी मैत्रीण त्याला जुनी मल्याळी मासिकं द्यायची, ते तो विसरला नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेला.

दर नोव्हेंबरात आमच्याकडे प्रदर्शन असतं. मैत्रीण गेल्यानंतरचं हे दुसरं. प्रत्येक वर्ग एखादा धडा घेऊन तक्ते करतो, पालक येतात, समिती येते, शेवटी सामोसे असतात. नववी अ चा विषय मी दिला: हुकूमशाही कशी येते. मुलांना सांगितलं, पुस्तकातले मुद्दे नकोत. साध्या माणसानं काय केलं ते शोधा. पोरांनी काम मनापासून केलं. एका तक्त्यावर शेजाऱ्याची चुगली करणारी माणसं. एकावर दुकानावर फुली मारलेली दिसूनही तिथून पुढे जाणारी माणसं. एकावर हात वर करून उभी असलेली गर्दी. आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या तक्त्यावर, मी तो कागद मोठा करून लावला. शाळेचं नाव आणि माणसांची नावं काळ्या स्केचपेननं झाकलेली. वर मुलांनी लिहिलं: हा कागद चाळीस शिकलेल्या माणसांनी सही करून खरा ठरवला. त्यातलं एक वाक्य खोटं आहे. ओळखा.

तक्ते लावताना वर्गातल्या एका मुलीनं मला इंग्रजीत विचारलं, मॅम, सगळ्यांत वरच्यानं सही केलीच नसती तर? मी म्हणाले, तो कोपरा नीट चिकटव, सुटतोय.

समिती अकराच्या सुमारास आली. पुढे अध्यक्ष, सीफमध्ये ऑफिस असलेले एक गृहस्थ, मागे चार जण, बाजूला तो. मुलं पाठ केलेलं बोलत होती आणि ते सगळे हसत हसत पुढे सरकत होते. मधल्या तक्त्यापाशी त्याचं हसू थांबलं. मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते, त्यासाठी तर वर्षभर थांबले होते. आधी त्याला मजकुराची ओळख पटली, मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले. मला इतकं बरं वाटलं की हातातली पट्टी मी दोन्ही हातांनी धरली.

अध्यक्षांनी चष्मा लावून कागद वाचला. "हे काय आहे? जर्मनीतलं आहे?"

"नाही सर," मी म्हणाले, "इथलंच आहे. नमुना म्हणून लावलंय."

तो पुढे झाला. "जुनं अंतर्गत प्रकरण आहे, सर. खलास झालेलं. मॅडमना कल्पना नसेल."

"मला कल्पना आहे," मी म्हणाले. "चावी कुठे असते ते दाखवू का?"

पालक होते. मोडलेल्या हाताच्या मुलीची आई होती. तिनं मोठ्यानं विचारलं, कसली चावी? मग अध्यक्षांना जावंच लागलं. आम्ही वीसेक माणसं व्हरांड्यातून चालत स्टाफरूमला गेलो. मी दार पुढे ओढलं. मागे खिळा, खिळ्याला चावी, चावीला त्यानंच बांधलेली लाल फीत. ती चावी काढून ठेवावी असंही त्याला दोन वर्षांत कधी वाटलं नव्हतं. इतका आमच्यावर त्याचा विश्वास होता!

समितीला त्याला काढायचंच होतं, हे मला नंतर कळलं. मारामारीनंतर पालकांच्या तक्रारी त्यांच्या घरापर्यंत पोचल्या होत्या. त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं आणि ते मी तक्त्यावर चिकटवून दिलं. तीन दिवसांनी त्यानं राजीनामा दिला. स्वतःहून, अर्थातच.

तो टेबल आवरायला आला त्या दिवशी मला तास नव्हता. मी स्टाफरूममध्ये बसून राहिले आणि बघितलं. त्यानं कंपासपेटी, स्टेपलर, मुलाचा फोटो पिशवीत भरला. बाकीचे लोक वह्या तपासायचं नाटक करत होते. इतके दिवस त्याच्या पुढे-पुढे करणाऱ्या एकानंही त्याला दार उघडून दिलं नाही. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. पिशवीचा बंद तुटला आणि सगळं जमिनीवर सांडलं तेव्हा तर मी मान वळवून नीट पाहिलं.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, तुमचं समितीत वजन आहे म्हणतात. मुलाचं चौथीचं वर्ष संपेपर्यंत तरी व्हिसा ठेवा म्हणावं. चारच महिने. तुम्ही एक शब्द टाकाल का?"

"इंशाल्ला, बघू," मी म्हणाले. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं की याचा अर्थ नाही. तिलाही कळला.

ही सगळी फत्ते मला जिला सांगायची होती तिला मी शुक्रवारी दुपारी फोन लावला. वसईत ती आता एका नर्सिंग होममध्ये रिसेप्शनला बसते. मुलगी दहावी पुन्हा देऊन आता कॉलेजला जाते. मधल्या काळात आमचं बोलणं म्हणजे ख्रिसमसला आणि दिवाळीला एकेक फुलांचं चित्र. मी बांध फुटल्यासारखी बोलत सुटले. तक्ता, चष्मा, लाल कान, चावी, तुटलेली पिशवी. पिशवीचं तर दोनदा सांगितलं. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. ती मधे मधे 'हं' म्हणत होती.

"बोल की काहीतरी," मी म्हणाले. "तुझ्यासाठी केलं हे सगळं."

"माझ्यासाठी?"

"मग? त्यानं तुझं वाटोळं केलं. आम्हा सगळ्यांना फसवून सह्या घेतल्या. वाचायलासुद्धा वेळ दिला नाही."

हे मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आले होते आणि माझा त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता. तिच्याशी बोलताना मात्र मला तो तास जसाच्या तसा आठवला. मी वाचलं होतं. फायर ड्रिलची ओळ वाचली, मग मधली वाचली, आणि माझं पेन थांबलं होतं. शिपायानंही ते पाहिलं होतं. मला खिळा आठवला, मैत्रीण आठवली, मग फाटकात उभा असलेला तो आठवला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मी 'सायलेन्स' म्हणाले आणि सही करून टाकली.

"अगं, तो कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता ना," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी सह्या वरपासून वाचत गेले. पहिली तुझी होती. बाकीच्यांना मी नंतर एकेकाला विचारलं, का केलीत म्हणून. सगळ्यांनी एकच सांगितलं. म्हणाले, तुझ्या मैत्रिणीची वर सही दिसली, म्हटलं काही तसं नसणार."

कुकर पुन्हा वाजला. तिनं गॅस बंद केला, ते मला ऐकू आलं.

"मी भ्यायले होते गं," मी म्हणाले. "तुला तो माणूस माहीत आहे. तो..."

"त्याचं मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "त्याला मी इथे आल्या आल्या माफ करून टाकलं. तो माझा कोण होता?"